तपासलेल्या यंत्रांचा धूर

चौदा महिन्यांत सहा विमानांच्या शेपटीतून धूर निघाला. सहाही विमाने त्या वेळी जमिनीवर उभी होती. सहाही विमानांत इंधन एकाच जोडाशी साठून पेटले होते, आणि तो जोड सहाही वेळा ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा अधिक वेळा तपासलेला होता. ज्या विमानांत तो एकदाच तपासला गेला, किंवा तपासायचा राहूनच गेला, त्यांतल्या एकातूनही धूर निघाला नाही.

विमानाच्या शेपटीत एक छोटे इंजिन असते. विमान उभे असताना मोठी इंजिने बंद असतात. तेव्हा आतले दिवे, थंड हवा आणि मोठी इंजिने सुरू करायला लागणारा पहिला जोर हे सारे त्या छोट्या इंजिनाकडून येते. दुरुस्तीच्या कारखान्यात त्याला एपीयू म्हणत. काम अडले की नुसते ‘शेपूट’ म्हणत. या शेपटीच्या तपासणीवर ज्यांची सही आणि शिक्का चाले, त्या तपासनीस बाईंना सारा कारखाना शंकाबाई म्हणे. नाव ठेवणाऱ्याने ते चिडवायला ठेवले होते. बाईंनी ते पदवीसारखे स्वीकारले.

सहा धुरांपैकी चार विमानांवर त्यांचा एकेचाळीस क्रमांकाचा शिक्का होता.

नियमन कार्यालयाने काढलेला नव्या सुरक्षा नियमाचा मसुदा मंगळवारी सकाळी आला. मास्तरांनी तो टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. मास्तर म्हणजे कारखान्याचे प्रमुख. कागदोपत्री पद मोठे होते, पण गेली तीस वर्षे ते स्वतः पाना हातात घेऊन शिकवत आले असल्याने मास्तरच राहिले. शंकाबाईंनी पहिला नट त्यांच्यासमोर आवळला होता.

एकोणीस पानांच्या मसुद्याचे सार चार ओळींत सांगता येत होते. जोडातले रबरी सील सदोष आहे. त्याची गळती वेळेत लक्षात आली नाही, कारण तपासणी अपुरी होती. म्हणून, एक, सर्व विमानांतली सीले बदलावीत. दोन, यंत्र दीडशे तास चालले की प्रत्येक वेळी जोड तपासावा आणि नटावर नवी खूण करावी. हरकती व सूचना पंचेचाळीस दिवसांत पाठवाव्यात; नंतर नियम कायम होईल.

“अपुरी तपासणी,” शंकाबाई म्हणाल्या. “मास्तर, यातलं एक विमान मी सात वेळा तपासलंय.”

“मला सांगू नकोस. मला माहीत आहे.”

“मग?”

“मग हे.” मास्तरांनी टेबलाचा खण उघडला. “शिक्का ठेव यात. नियम कायम होईपर्यंत तू तपासणीवर नाहीस. वरून हुकूम आहे, माझा नाही.”

“आणि नियम असाच कायम झाला तर?”

मास्तरांनी खण आणखी पुढे ओढला. उत्तराची गरज नव्हती. मसुद्यातली ‘अपुरी तपासणी’ कायम नियमात गेली, की ते मत राहणार नव्हते, सिद्ध झालेले कारण होणार होते. ज्यांची तपासणी अपुरी, त्यांचा शिक्का रद्द. बावीस वर्षे ज्या हाताने विमाने सोडली, तो हात पुन्हा कधी सही करणार नव्हता.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” दाराशी उभा असलेला रंगारी पुटपुटला.

“संन्यासी निर्दोष आहे हे अजून ठरायचंय,” शंकाबाई म्हणाल्या आणि शिक्का खणात ठेवला. स्वतःच्या बाजूचा पुरावा त्या नेहमी अधिक कडक तपासत. या सवयीमुळे त्यांचे मित्र थोडे होते, पण जे होते ते टिकाऊ होते.

तपासणीवर नसल्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर होता. त्यांनी जुन्या नोंदी काढल्या. या प्रकारचे एपीयू बसवलेली विमाने सगळीकडे मिळून दोनशे बारा. त्यांतली एकतीस या कारखान्याकडे. धूर निघालेली सहाही या एकतिसांतली. त्यांनी एका मोठ्या कागदावर एकतीस रकाने आखले आणि प्रत्येक विमानाचा जोड किती वेळा तपासला ते लिहिले. एक, एक, दोन, चार, एक, सात. मग धूर निघालेल्यांभोवती लाल वर्तुळे काढली. सगळी वर्तुळे चार आणि त्याहून मोठ्या आकड्यांभोवती पडली. दोन किंवा कमी वेळा तपासलेल्या सतरा विमानांत एकही वर्तुळ नव्हते.

त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि मग स्वतःवर चिडून उलटा ठेवला, कारण तो फारच सोयीचा दिसत होता.

पहिला विचार असा आला, की प्रत्येक तपासणीत नट पुन्हा पान्याने ताणला जातो. दर वेळी केसभर जास्त आवळला गेला, तर आतले सील चिरडत असेल. कल्पना सुंदर होती. त्यांनी बाकावर एक सुटा जोड बसवला, वीस वेळा पान्याने तपासला, उघडला आणि सील भिंगाखाली धरले. सील नव्यासारखे होते. कल्पना चुकीची निघाली. एक सुंदर कल्पना कमी झाली, याचे शंकाबाईंना वाईट वाटले नाही. उरलेल्यांचा माग काढणे तेवढे सोपे झाले.

तोपर्यंत पंचेचाळीसपैकी बारा दिवस संपले होते. त्या कागद घेऊन नियमन कार्यालयाच्या अधिकाऱ्याला भेटायला गेल्या. मसुदा त्यानेच लिहिला होता. माणूस सभ्य होता. दर दोन शब्दांनंतर थांबत असल्यामुळे कारखान्यात त्याला स्वल्पविराम म्हणत.

“बाई, आजारी माणूसच, डॉक्टरकडे, वारंवार जातो,” तो कागद पाहून म्हणाला. “म्हणून, डॉक्टरमुळे, आजार होतो, असं आपण, म्हणत नाही.”

“बरोबर. मीही आधी हेच म्हटलं.”

“मग?”

“मग मी शोधलं, की जास्त तपासण्या कोणत्या विमानांच्या झाल्या आणि का. पहिल्या धुरानंतर आमच्याकडे ठरलं, की जे विमान दिवसा सहा तासांपेक्षा जास्त उभं राहील, त्याचा जोड तपासायचा. कोणतं विमान किती उभं राहतं हे उड्डाणांचं वेळापत्रक ठरवतं. त्या वेळापत्रकाला जोडाची तब्येत माहीत नसते. इथं आजारी माणूस डॉक्टरकडे गेलेला नाही, साहेब. ज्याला फावला वेळ होता तो गेला.”

अधिकारी थांबला. या वेळी दोन शब्दांनंतर नव्हे, पहिल्या शब्दाआधीच.

“आणि पहिलं विमान? ते तर, त्या निर्णयाआधी, पेटलं.”

“नव्या तुकडीला शिकवायला ते वापरलं होतं. चौघांनी सरावासाठी एकच जोड तपासला. माझ्यासमोर.”

“आकडे, चांगले आहेत,” अधिकारी म्हणाला. “पण, तपासण्यानं, आग का लागेल? कारण सांगा. कारणाशिवाय, मला नियम, बदलता येत नाही.”

हे त्याचे म्हणणे बिनतोड होते, आणि बाईंना ते मान्य होते. त्या रिकाम्या हाताने परत आल्या.

घरी दोघीच असत. नवरा मालवाहू जहाजावर. वर्षातले चार महिने घरी आणि उरलेले आठ महिने फोनवर. बाकी घर म्हणजे शंकाबाई आणि त्यांची थोरली नणंद. नणंदबाईंनी तीस वर्षे बससेवेची छापील वेळापत्रके तपासली होती. निवृत्त झाल्या तरी तांबडी पेन्सिल निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही त्या दुरुस्त करून मगच औषध घेत.

रविवारी दुपारी त्यांनी तो मसुदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला होता.

“अगं, यात सतरा चुका आहेत.”

“वन्सं, शुद्धलेखन राहू द्या हो.”

“शुद्धलेखनाच्या नऊच. उरलेल्या आठ अकलेच्या आहेत. ही बघ, पान अकरा. ‘प्रत्येक तपासणीनंतर नटावर नवी खूण करावी.’ म्हणजे काय करता तुम्ही?”

“नट आवळला, की त्याच्यावर आणि खालच्या अंगावर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढायची. पुढं नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. मग कळतं, की कुणाचा हात लागला किंवा नट सैल झाला.”

“बरं. पुढच्या वेळी नवी रेघ. मग जुनीचं काय?”

“जुनीचं काय म्हणजे?”

“म्हणजे ती जाते कुठं? आमच्याकडे कुणी ‘नवी वेळ लिहावी’ असा हुकूम काढला असता, तर मी तो परत पाठवला असता. जुनी वेळ खोडायची, की राहू द्यायची? ते लिहावं लागतं, बाई. नाहीतर एका आगारातला माणूस खोडतो, दुसऱ्या आगारातला तसंच ठेवतो, आणि प्रवासी बोंबलत बसतो. या एकोणीस पानांत जुन्या रेघेबद्दल एक अक्षर नाही.”

शंकाबाई चहाचे भांडे हातात घेऊन उभ्या होत्या.

“आम्ही खरवडतो,” त्या सावकाश म्हणाल्या. “जुनी रेघ पूर्ण खरवडून काढायची, फडक्यानं पुसायचं, मग नवी. मास्तरांची शिस्त आहे. नट आरशासारखा दिसला पाहिजे.”

“आणि बाकीचे कारखाने?”

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. सगळ्या गोष्टींवर शंका घेणाऱ्या बाईंनी स्वतःच्या हाताच्या सवयीवर कधी घेतली नव्हती. आपल्या हाताला वळण लागते ते दिसत नाही. दुसऱ्याच्या हाताचे दिसते.

“वन्सं, पुस्तिकेतही काही लिहिलेलं नाही. खरवडा असंही नाही, खरवडू नका असंही नाही.”

“मग प्रवासी बोंबलतोय तो उगीच नाही,” नणंदबाई म्हणाल्या. “भांडं खाली ठेव. उपडं होतंय.”

सोमवारी सकाळी शंकाबाईंनी ओळखीच्या दुसऱ्या कारखान्यात फोन लावला. तिकडचा मिस्त्री हसायला लागला. “खरवडता? कशाला? आम्ही शेजारी दुसरी रेघ मारतो. आमचे नट बघा एकदा, झेब्रे झालेत नुसते!”

फोन ठेवून त्यांनी जोडाचे चित्र उघडले. ते त्यांना पाठ होते, पण पाठ असलेली गोष्ट माणूस पाहत नाही. कोणतेही सील कधीतरी थेंबभर पाझरते. यंत्र बनवणाऱ्याला हे माहीत होते. म्हणून त्याने जोडाच्या बरोबर खाली सुपारीएवढी खोल धातूची वाटी दिली होती. वाटीच्या तळाला दोन मिलिमीटरचे भोक, भोकातून एक बारीक नळी, आणि नळी विमानाच्या बाहेर. पाझरलेला थेंब वाटीत पडावा आणि निमूटपणे बाहेर जावा, अशी योजना. वाटीचा तळ वरून दिसत नाही. तिथे आरसाही पोहोचत नाही. तो पाहायचा तर सगळा जोड उतरवावा लागतो, आणि जोड उतरवण्याचे कारण कुणाला कधी पडले नव्हते.

नटावरचा रंग उष्णतेने भाजून काचेसारखा कडक होतो. तो खरवडला की त्याच्या खपल्या उडतात. फडक्याला लागतात त्या फडक्याबरोबर जातात. उरलेल्या कुठे जात असतील?

नटाच्या बरोबर खाली वाटी होती.

आग लागल्यावर त्या खपल्या जळून काजळी होणार आणि वाटीत काजळीखेरीज काही सापडणार नाही, हेही ओघानेच आले. सहा वेळा चौकशी झाली होती. सहाही वेळा काजळी सापडली होती, आणि आगीत काजळी सापडल्याचे नवल कुणाला वाटणार?

त्या मास्तरांकडे गेल्या आणि सगळे सांगितले. मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“स्वच्छतेनं आग लागते,” ते म्हणाले. “हे ऐकायचं राहिलं होतं.”

“मी अजून तसं म्हणत नाही, मास्तर. वाटी म्हणेल, नाहीतर म्हणणार नाही.”

“ती पद्धत माझी आहे. तीस वर्षांत दोनशे पोरं या हातानं तयार केली. ज्याचा नट घाण, त्याचं मन घाण, असं मी शिकवलं.”

“मीही त्यांतलीच एक. चार विमानांत खरवडणारा हात माझा आहे.”

मास्तरांनी टेबलावरचा पाना उचलला आणि परत ठेवला. “आता उघडून बघू या एक. तू आणि मी.”

“नाही. आपण दोघांनी उघडलं, तर खपल्या आपणच टाकल्या असं कुणीही म्हणेल, आणि मी त्या जागी असते तर मीही म्हटलं असतं. अधिकाऱ्यासमोर उघडायचं. पण चार किंवा जास्त वेळा तपासलेल्या विमानांचे एपीयू आज, आत्ता बंद करा. आणि खरवडणं थांबवा.”

“आणि वाटी रिकामी निघाली तर?”

“तर माझा शिक्का गेला, आणि तुमची पद्धत राहिली.”

“खपल्या निघाल्या तर?”

“तर उलट.”

मास्तर हसले, ते हसू कष्टाचे होते, पण खरे होते. “पोरी, तुला शिकवलं ते चुकलंच माझं,” ते म्हणाले आणि आठ एपीयू बंद ठेवण्याच्या हुकमावर सही केली. पुढचे काही दिवस वैमानिक आणि प्रवासी उभ्या विमानांत घामाघूम होऊन कारखान्याला लाखोली वाहत होते. मास्तर सगळ्यांना एकच उत्तर देत: “घाम पुसता येतो.”

पंचेचाळीसपैकी एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता कारखान्यातल्या लांब बाकावर सहा एपीयू मांडले गेले. पाच या कारखान्याचे: एकदा, दोनदा, चारदा, पाचदा आणि सातदा तपासलेले. सहावा दुसऱ्या कारखान्यातून आणलेला. तो नऊ वेळा तपासला होता, पण तिकडच्या पद्धतीने, एकदाही न खरवडता. अधिकारी दोन सहाय्यकांसह आला होता. रंगारी, मिस्त्री, गोदामवाला, सगळे हातातली कामे टाकून भोवती जमले होते. मास्तरांनी कुणाला हाकलले नाही.

शंकाबाईंनी अधिकाऱ्याच्या हाती एक बंद पाकीट दिले.

“यात काय?”

“प्रत्येक वाटीत दहा मिलिलिटर चाचणीचं द्रव सोडायचं आणि खालून किती वेळात निघून जातं ते मोजायचं. कोणाला कमी वेळ लागेल आणि कोणाला जास्त, तो क्रम आत लिहिलाय. आधी मोजा. मग पाकीट उघडा.”

“क्रम, चुकला तर?”

“तर पाकिटात माझा राजीनामाही आहे.”

मास्तरांनी झटकन वळून पाहिले. त्यांना ते ठाऊक नव्हते.

एकदा तपासलेल्या यंत्राच्या वाटीतून निळे द्रव आठ सेकंदांत गेले. दोनदा तपासलेल्यातून अकरा. चारदा तपासलेल्याला एकोणीस सेकंद लागले आणि गर्दीत कुजबुज सुरू झाली. पाचदा तपासलेल्याला अठ्ठेचाळीस. सातवाल्या वाटीत द्रव ओतले आणि सगळे पाहत राहिले. एक मिनिट गेले. दोन मिनिटे. खालच्या नळीच्या टोकाशी एक थेंब धरला, लोंबला आणि तिथेच राहिला.

“हा काय विचार करतोय?” गोदामवाला म्हणाला.

“गप रे.”

पाच मिनिटांनी अधिकाऱ्याने घड्याळ बंद केले. शेवटी परक्या कारखान्याचा एपीयू. नटावर नऊ रेघा, एकीला एक चिकटलेल्या, पाहताक्षणी मास्तरांनी नाक मुरडले. द्रव ओतले. आठ सेकंद.

पाकीट उघडले. क्रम जसाच्या तसा होता. परका एपीयू एकदा तपासलेल्याच्या जोडीला बसवलेला, आणि सातवाल्यापुढे लिहिले होते: ‘जाणार नाही.’

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले, पण शंकाबाईंनी मान हलवली. “थांबा. भोक बुजलंय एवढंच कळलं. कशानं बुजलं ते नाही. साहेब म्हणतील बाहेरची धूळ असेल, आणि मीही म्हणेन. वाटी उतरवा. मास्तर, तुम्ही उतरवा.”

मास्तर पुढे आले. तीस वर्षांच्या सफाईने त्यांनी नट सोडवला, जोड उतरवला, वाटी अलगद काढून पांढऱ्या कागदावर उपडी केली आणि लाकडी काडीने तळ टोकरला. कागदावर एक गोळा पडला. इंधनाने चिकटून घट्ट झालेला, वाटाण्याएवढा. त्यांनी तो ब्लेडने मधोमध कापला.

आत थर होते. सर्वांत खाली पिवळा, त्यावर नारिंगी, त्यावर हिरवा, मग पांढरा, वर निळा.

खुणेचा रंग कारखान्यात दर तीन महिन्यांनी बदलत असे, म्हणजे नुसत्या नजरेने कळावे की खूण कोणत्या तिमाहीतली आहे. मास्तरांनी नोंदवही मागवली. कोणत्या तिमाहीत कोणता रंग, ते त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पिवळा. नारिंगी. हिरवा. पांढरा. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून निघण्याआधी भोवतालच्या तीस माणसांनी एका आवाजात म्हटला: “निळा!”

“बाहेरच्या धुळीला तिमाही कळत नाही,” शंकाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी परक्या एपीयूची वाटीही उतरवली. ती कोरी होती. त्यांनी बोटाने तळ पुसला, बोट पाहिले, आणि त्या बरबटलेल्या नऊ रेघांच्या नटाकडे पाहून म्हणाले, “गबाळ्यानं वाचवलं यांना. आणि आम्ही मेलो टापटिपीनं.” मग अधिकाऱ्याकडे वळून, सरळ उभे राहून: “साहेब, लिहून घ्या. खरवडायची पद्धत माझी. मी शिकवली. या बाईची तपासणी अपुरी नव्हती, मी शिकवल्यापेक्षा एक तसूभर कमी नव्हती. अति झालं, तिथं माती झाली.”

अधिकारी कागदावरच्या पाच रंगांकडे पाहत होता. मसुदा त्याचा होता. त्यातला दुसरा नियम तसाच कायम झाला असता, तर या कारखान्यातल्या प्रत्येक विमानाचा जोड दीडशे तासांनी खरवडला गेला असता आणि वर्षभरात एकतिसाच्या एकतीस वाट्या बुजल्या असत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, इतकेच नव्हे. हे औषध रोग वाढवणारे होते. हे त्याला कुणी सांगितले नाही. त्याचे त्यालाच कळत होते, आणि तो तसा माणूस असल्याचे त्याच्या पुढच्या वाक्यावरून सगळ्यांना कळले.

“मी चुकलो,” तो एकही विराम न घेता म्हणाला. “मसुदा मी मागे घेतो.”

तेव्हा टाळ्या वाजल्या. टाळ्या कमी पडल्या म्हणून कुणी पान्याने लोखंडी गाडा बडवायला लागले, रंगाऱ्याने डबा वाजवला, आणि कारखान्याच्या पत्र्याच्या छताखाली असा दणदणाट झाला, की शेजारच्या इमारतीतून काय पडले ते पाहायला दोघे धावत आले. अधिकाऱ्याने पाकिटातला राजीनामा काढून शंकाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो चार तुकडे करून खिशात ठेवला. जमिनीवर टाकला नाही. विमानाच्या कारखान्यात जमिनीवर काही टाकत नाहीत.

मास्तर आपल्या खोलीत गेले आणि शिक्का घेऊन बाहेर आले.

“वरचा हुकूम?” शंकाबाईंनी विचारले.

“वरच्यांना मी सांगेन. घे. आणि तो राजीनामा मला न विचारता लिहिलास, त्याबद्दल उद्या बोलणी खायला ये.”

“येईन. वन्संनाही आणीन. जुन्या रेघेचा प्रश्न त्यांचा आहे.”

“आण. त्यांना म्हणावं, आमच्या पुस्तिकेलाही तांबडी पेन्सिल लावा.”

अधिकाऱ्याने एक शेवटची चाचणी स्वतः घेतली, आणि शंकाबाईंनी त्याला त्याबद्दल मान दिला, कारण त्यांनीही ती घेतलीच असती. चाचणीच्या बंदिस्त खोलीत एकच एपीयू, तेच जुने सील. भोक मोकळे ठेवून चाळीस वेळा सुरू केला: धूर नाही. भोक खपल्यांनी बुजवून सुरू केला: तिसऱ्या वेळी धूर.

दोन महिन्यांनी कायम नियम निघाला. सीले बदलण्याची अट त्यात नव्हती. ‘अपुरी तपासणी’ हे शब्द नव्हते. वाट्या एकदा उतरवून साफ कराव्यात, जुनी खूण खरवडू नये, नवी खूण तिच्या शेजारी करावी, एवढेच होते. एकोणीस पानांची चार झाली होती. नणंदबाईंनी ती दोनदा वाचली आणि पेन्सिल उचलली नाही. नटांवर झेब्रे उमटू लागले. मास्तरांना ते बघवत नसे, पण आता ते नव्या पोरांना रेघ शेजारीच ओढायला लावत आणि स्वतः भिंतीकडे बघत.

चौकशीच्या जुन्या वहीत त्या सहा विमानांपुढे कारणाचा रकाना इतके दिवस रिकामा होता. शंकाबाईंनी तो स्वतःच्या अक्षरात भरला आणि खाली एकेचाळीस क्रमांकाचा शिक्का मारला. सहाही ठिकाणी मजकूर एकच होता:

‘कारण: तपासणीच्या वेळी नटावरची जुनी रंगखूण खरवडण्याची या कारखान्याची पद्धत. खपल्या खालच्या वाटीत पडून निचऱ्याचे भोक बुजले. सीलमधून होणारा नेहमीचा पाझर बाहेर न जाता वाटीत साठला आणि यंत्र सुरू होताना उष्णतेने पेटला. सील निर्दोष.’